मार नाही, मुरगळ नाही, तरी मांडी सुजली



आपल्या पत्रिकेत ऊसबेणे, खोडव्याची निगा, ठिबक आणि पाणीपट्टी यांवर नेहमीच लिहून येते. मी स्वतः शेती विभागात 31 वर्षे काढली, तेव्हा माझ्याकडूनही तसल्याच लेखाची अपेक्षा असणार. परंतु संपादक मंडळींनी यंदा आरोग्यावर काही लिहा म्हटले आणि मला आमच्या दाजींची मांडी आठवली. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लिहिणे काहींना चमत्कारिक वाटेल. वाटो बापडे. ज्या साखरेवर आपले प्रपंच उभे राहिले तिच्याच नावाचा आजार आज घरोघरी आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर निघाली. आपल्या गटातल्या एखाद्या वार्षिक सभेत बसलेली माणसे मोजली तरी त्याचा अंदाज येईल.

आपल्या भागातल्या कितीतरी लेकी घाटाखाली, पोलादपूर-महाडकडे दिलेल्या आहेत. माझी थोरली बहीण त्यांपैकी एक. महाबळेश्वर सोडावे, प्रतापगडाचा फाटा मागे टाकावा, आंबेनळी घाट उतरावा की पोलादपूर. अंतर 40 किलोमीटरच्या आसपास, पण मुलूख अगदी निराळा. डोंगराच्या कुशीला वाड्या, खाचरातले भात, वरकसावर नाचणी आणि वरी. उसाचे नाव नाही. घरटी एक-दोन माणसे मुंबईला. दाजीही बरीच वर्षे मुंबईत नोकरीला होते. मधुमेह तिथेच निघाला आणि त्यांच्याबरोबर गावी आला.

दाजींचा मधुमेह हा आपल्याकडच्या बहुतेकांच्या मधुमेहासारखाच होता. म्हणजे गोळ्या संपल्या की पुढच्या बाजाराला आणू, मुंबईहून कोणी आले की मागवू, मध्येच कोणी सांगितले म्हणून कारल्याचा रस, मग कसलासा काढा. "मला काय होतंय? चांगला डोंगर चढतो की," हे ठरलेले उत्तर. एका डोळ्याला लेसर झाला होता. तळपायांना मुंग्या येत. लघवीला फेस येतो हे बहिणीच्या लक्षात आले होते, पण ते सांगायचे कोणाला? असे करता करता सोळा वर्षे झाली.

दोन पावसाळ्यांपूर्वी ऐन आषाढात, लावणीच्या दिवसांत, दाजी पहाटे उठले ते उजव्या मांडीत कळ घेऊनच. आदल्या दिवशी पडणे नाही, घसरणे नाही, नांगराचा धक्का नाही. दुपारपर्यंत मांडी पुढच्या बाजूने टणक झाली, संध्याकाळी सुजली. हात लावला तरी ओरडत. बहिणीने जे कोणीही करील तेच केले. तेल कोमट करून चोळले, मिठाच्या पुरचुंडीने शेकले. रात्री ठणका दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी शीर चढली आहे म्हणून मांडी रगडून काढली. त्यानंतर दाजींना पाय जमिनीला टेकवेना.

वाडीत चर्चा सुरू झाली ती अर्थातच पान लागल्याची. पावसाळ्यात खाचरात काम करणाऱ्याचा पाय अचानक सुजला तर त्या मुलखात पहिला संशय फुरशाचा, आणि तो चुकीचाही नाही. घटका न दवडता झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणले आणि जीप करून दवाखाना गाठला. तिथे दंशाची खूण सापडली नाही. काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे तसेच ठेवून पाहतात, ते व्यवस्थित गोठले. म्हणजे फुरसे नव्हे. विंचू नव्हे हे तर दाजीच सांगत होते, कारण विंचू त्यांना दोनदा चावलेला.

विंचवावरून थोडे अवांतर लिहितो. वैद्यकीय जगात महाडचे नाव गेले ते विंचवामुळेच. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि पोरे दगावत. या गृहस्थांनी रोग्याच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, खोकला यांची तासातासाची टिपणे ठेवली. विष हृदयावर कसे चढते ते 1982 साली 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात मांडले आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सांगण्याचे कारण एवढेच, की आडगावच्या डॉक्टरने रोगी नीट पाहिला तर काय होते याचे उदाहरण याच तालुक्यात आहे, आणि दाजींच्या बाबतीतही शेवटी तेच उपयोगी पडले.

पण लगेच नाही. आधी एका ठिकाणी (नाव देत नाही) सांगण्यात आले की आत पू झाला आहे, मधुमेह आहे, उद्या सकाळी चिरा देऊन साफ करावे लागेल. बहिणीचा रडत फोन आला. घाटात दरड आल्याने आंबेनळी बंद होता. मी पुण्याला जाऊन ताम्हिणीमार्गे माणगावला उतरलो आणि तिथून महाडला पोचलो, तो रात्रीचे अकरा झाले होते. दाजी घाबरलेले, कोरड पडलेले. त्यांच्या शेजारच्याच गावातल्या एका मधुमेह्याचा पाय याच ऋतूत कापलेला होता, तेव्हा त्यांना वाटत होते की आपलीही पाळी आली.

सकाळी एक दुसरे डॉक्टर आले. तरुण, कमी बोलणारे. त्यांनी ताप पाहिला, तो नव्हता. कातडी लाल नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपली, ती छान लागत होती. मग त्यांनी विचारले, "यांचे डोळे आणि लघवी कधी तपासली?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. मांडी दुखत असताना डोळ्यांचे काय विचारतात हे कोणालाच कळेना. सोनोग्राफी झाली. मोठ्या शिरेत गुठळी नव्हती, पुवाचा साठा दिसला नाही, स्नायू मात्र फुगलेला होता. डॉक्टर म्हणाले, "चिरा देऊ नका. मला एका दुर्मिळ गोष्टीची शंका आहे. एमआरआय करून घ्या, तोवर पाय हलवायचा नाही आणि चोळायचा तर मुळीच नाही."

आम्ही ताम्हिणीनेच पुण्याला नेले. एमआरआयमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंचा मोठा भाग सुजून पांढरा दिसत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी महाडच्या डॉक्टरांची शंका खरी ठरवली. या विकाराला डायबेटिक मायोनेक्रोसिस म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मधुमेहाने स्नायूचा काही भाग मरणे. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचे जे होते, तेच इथे मांडीच्या स्नायूचे होते.

हे कसे होते ते मला पुण्याच्या डॉक्टरांनी बरेच समजावले, पण मला ते उमजले आपल्या पाण्याच्या हिशेबाने. कालव्याला पाणी भरपूर आहे, वितरिकाही वाहते आहे. पण पोटचाऱ्या वर्षानुवर्षे गाळाने भरत गेल्या, काठ आत आले. मग वरच्या शेतकऱ्याला काही कळत नाही. टेलच्या सरीतला ऊस मात्र एक दिवस उभ्या उभ्या वाळतो. दाजींच्या पावलावरची नाडी लागत होती ती कालव्याची. आत स्नायूत पसरलेल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सोळा वर्षांच्या साखरेने जाड होऊन आतून अरुंद झाल्या होत्या. त्यांतल्या काही बंद पडल्या आणि त्यांच्यावर पोसणारा मांसाचा तुकडा गेला. तो सुजला. मांडीचे स्नायू घट्ट पातळ आवरणात बांधलेले असतात, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नाही. सुजेने शेजारच्या वाहिन्याही दाबल्या जातात आणि नुकसान वाढते. नेमकी सुरुवात कशाने होते यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. पण ज्यांना हे होते त्यांचा मधुमेह बहुधा जुना आणि बेबंद असतो, आणि बहुतेकांचे डोळे, मूत्रपिंडे किंवा पायांच्या नसा आधीच बिघडलेल्या असतात, हे पक्के आहे. महाडच्या डॉक्टरांनी डोळे आणि लघवी का विचारली ते तेव्हा कळले.

या विकाराची पहिली नोंद 1965 साली स्वीडनमधील अँगरवॉल आणि स्टेनर या दोघांनी केली. त्यांच्याकडे असे दोन मधुमेही आले, ज्यांच्या स्नायूत गाठीसारखा गोळा होता. गाठ म्हटली की कर्करोगाची शंका येतेच. पण तपासल्यावर तो मेलेला स्नायू निघाला. त्यानंतर जगभरातून असे काहीशे रोगी नोंदले गेले असतील, आपल्या देशातूनही. मधुमेह्यांच्या कोट्यवधी संख्येपुढे हे काहीच नाही. मात्र पुण्याचे डॉक्टर म्हणाले की जितके नोंदले जातात त्याहून जास्त होत असावेत, कारण कोणी त्याला मुका मार म्हणतो, कोणी शीर चढली म्हणतो, आणि दोन महिन्यांनी ते आपोआप ओसरते. बहुतेक वेळा मांडीच धरते, त्यातही पुढची बाजू. काहींची पोटरी. काहींना दोन्ही पायांत.

आता उपचार. इथे वाचकांनी जरा सावकाश वाचावे.

या दुखण्यावर मुख्य उपाय विश्रांती. पाय उशीवर, चालणे गरजेपुरते, वेदना कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, काहींना अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा, आणि साखर ताब्यात आणणे. चोळणे, रगडणे, शेकाचा मारा, उत्साहाने करवलेला व्यायाम यांनी सुरुवातीच्या दिवसांत दुखणे चिघळते. आमच्या घरी नेमके तेच झाले होते, आणि बहिणीला अजून त्याची रुखरुख आहे. चिरा देऊन मेलेला भाग काढला तर बरे लवकर वाटेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विश्रांती आणि औषधांवर ठेवलेले रोगी साधारण दीड-दोन महिन्यांत सावरले आणि शस्त्रक्रिया केलेल्यांना तीन महिने लागले असे आढळले. मधुमेह्याची जखम भरायला वेळ घेते हे आपल्याला काय सांगायला हवे! सुई घालून तुकडा तपासण्याचीही बहुधा गरज पडत नाही, एमआरआयवर आणि रोग्याच्या कहाणीवर काम भागते.

पण माझा लेख वाचून कोणी पू झालेला पाय घेऊन घरी बसू नये, म्हणून हेही लिहितो. मधुमेह्याच्या पायात पू होणे हे या दुर्मिळ विकारापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळते. ताप, थंडी, कातडी लाल होऊन तापणे, पावलाला जखम, काळी पडलेली कातडी, यांपैकी काही असेल तर तो दिवसही वाया घालवू नये, तिथे चिरा हाच उपाय असतो आणि उशीर झाला तर पाय जातो किंवा जीव जातो. शिरेतल्या गुठळीचेही तसेच, ती छातीत चढते. कोणते कुठले हे ठरवणे डॉक्टरांचे काम. आपले काम एवढेच, की मधुमेह किती वर्षांचा आहे आणि औषधे खरोखर घेतली जातात की नाही हे लाज न धरता सांगणे. दाजींनी पहिल्या दवाखान्यात "गोळ्या वेळेवर घेतो" असे सांगितले होते.

आणि दुखण्याच्या गोळ्या. मेडिकलच्या दुकानातून लाल-पिवळ्या पट्ट्या आणून मूठमूठ खाण्याची आपल्याकडे सवय आहे. तोडणीच्या दिवसांत तर चहाबरोबर घेतात. दाजींनीही महाडला पोचेपर्यंतच्या पाच-सहा दिवसांत अशा पुष्कळ घेतल्या. ज्याची मूत्रपिंडे मधुमेहाने आधीच थकलेली, त्याच्यासाठी यांतल्या बऱ्याच गोळ्या घातक असतात. पुण्याला पहिली तपासणी झाली तेव्हा दाजींचे क्रिएटिनिन 2.4 निघाले, लघवीतून प्रथिने जात होती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी 12.1 होता. तो साधारण 7 च्या आत हवा असतो. मांडीचे दुखणे राहिले बाजूला, डॉक्टर मूत्रपिंडांवरच बोलत राहिले. त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितले, "मांडी बरी होईल. पण ज्याची मांडी अशी जाते, त्याच्या सगळ्याच वाहिन्या या अवस्थेत असतात. पुढच्या काही वर्षांत हृदय किंवा मूत्रपिंडे दगा देतात. मांडीने तुम्हाला सूचना दिली आहे."

इन्शुलिन सुरू झाले. दाजींनी आधी नको म्हटले, कारण "एकदा सुई लागली की माणूस संपला" हे त्यांनी कुठेतरी ऐकलेले. वास्तविक 1922 सालापासून या औषधाने माणसे जगत आली आहेत. खरी अडचण निराळीच निघाली. वाडीत पावसाळ्यात वीज चार-चार दिवस नसते, फ्रिज असून नसल्यासारखा. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि तळीयेवर दरड कोसळली, त्या दिवसांची आठवण त्या लोकांना अजून ताजी आहे. औषध मिळायचे कुठून आणि ठेवायचे कशात? बहिणीने उपाय काढला. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटे मडके, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओले फडके. डॉक्टरांना दाखवले, त्यांनी पसंत केले. चालू बाटली फार उन्हात न ठेवता सुमारे चार आठवडे वापरता येते, शिल्लक बाटल्या तेवढ्या थंड हव्यात. पावसाळ्याच्या तोंडावर ती आता दोन महिन्यांचे औषध भरून ठेवते, जसे आपण तांदूळ भरतो.

सात आठवड्यांनी दाजी काठी घेऊन अंगणात चालू लागले. लावणी भावकीने उरकली होती. मांडी थोडी बारीक झाली ती झालीच.

कार्तिकात पुन्हा तोच प्रकार, या वेळी डाव्या मांडीत. जवळजवळ निम्म्या रोग्यांना हे पुन्हा होते असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. या खेपेला बहिणीने तेलाच्या बाटलीला हात लावला नाही. दाजींना झोपवले, पाय उशीवर ठेवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले सगळे कागद, एमआरआयच्या फिल्मा, रक्ताचे रिपोर्ट घेऊन महाडला त्याच तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ताप आणि रक्त पाहिले, सोनोग्राफी करून गुठळी नाही याची खात्री केली आणि चार दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडले. पुणे नाही, चिरा नाही. महिनाभरात उठले.

आपल्या सभासदांपैकी ज्यांना घाटाखाली सोयरिक आहे त्यांनी तिथल्या मंडळींना एवढे जरूर कळवावे, की 30 वर्षांवरच्या सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. मधुमेह असल्यास वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. हे घाटावरच्यांनाही लागू आहे. आपल्याच गटातले एक जुने मुकादम गेल्या वर्षी डायलिसिसवर गेले, त्यांची लघवी त्याआधी एकदाही तपासलेली नव्हती.

आता साखरेचे. साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला असे सरळ गणित नाही. वाढलेले वजन, बसून काम, घराण्यातला वारसा, पांढऱ्या भाताचे तीन वेळचे ताट, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. पण मधुमेह झाल्यावर साखर बेताने हे आहेच. दरवर्षी दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर मिळाली की त्यातली पाच किलो मी बहिणीकडे पोचवत असे. गेल्या दिवाळीला नेली तर तिने दोन किलो ठेवून घेतली आणि बाकीची परत दिली. फराळ नातवंडांपुरता केला. दाजींनी अर्धी करंजी खाल्ली आणि ती वहीत लिहिली. त्यांच्याकडे आता एक वही असते. सकाळची साखर, इन्शुलिनचे युनिट, काय खाल्ले ते सगळे पेन्सिलने. परवाच्या फोनवर त्यांनी आकडे वाचून दाखवले. एचबीएवनसी 7.6. क्रिएटिनिन 2.1, म्हणजे खाली आले आहे पण पूर्वीसारखे होणार नाही. पुढची तपासणी नवरात्रानंतर आहे, आणि त्या वेळी घाट चालू असेल तर मी जाणार आहे.